जिजीचा अंगठा

जिजी गेली. दहाव्याच्या दिवशी सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या तिच्या घरी जुन्या चाळीतल्या आम्ही सात-आठ जणी जमलो होतो. चाळ केव्हाच पडली, तिथं आता चार मजली इमारत उभी आहे. जिजीच्या नातसुनेला सातवा लागलाय. ती कोपऱ्यात फोन घेऊन बसली होती आणि फोनमधली नटलेली बाई सांगत होती: पोट टोकदार तर मुलगा, गोल तर मुलगी, उजवा पाय आधी उचलला तर मुलगा, पायावर सूज आली तरी घाबरू नका, मुलाचंच लक्षण आहे.

सगळी वाक्यं जिजीची. पण शेवटचं वाक्य जिजीनं स्वतः कधीच टाकून दिलं होतं, आणि ते का टाकलं हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. ते तिच्याच घरात, तिच्या दहाव्याला, परक्या तोंडातून ऐकावं लागलं. फार लागलं मला ते.

लग्न होऊन मी अमळनेरकडून इथं आले ते १९८९ साल. पहिली काही वर्षं सांगण्यासारखी नाहीत. डाइंग मिलच्या पाळ्या, नळावरची रांग, खाडीचं रंगीत पाणी. आमची सगळी गल्ली खानदेशी. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं. जिजी शिकलेली सुईण नव्हती. तिनं गावाकडे आईच्या हाताखाली बाळंतपणं केलेली, तेवढंच. पण गल्लीत कुणाची पाळी चुकली की ते नवऱ्याच्या आधी तिला कळायचं.

१९९४ मध्ये मला दिवस गेले. पाणीसुद्धा पोटात ठरेना. जिजी म्हणाली, “ओकाऱ्या येतस ना, मंग गर्भ पक्का शे.” तेव्हा वाटलं, धीर द्यायला बोलते. पण ते खरं होतं. आधी एक-दोन गर्भपात झालेल्या बायकांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०१६ साली आला. ज्यांना मळमळ आणि उलट्या होत होत्या, त्यांच्यात गर्भ गळण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी निघालं. उलट्या का होतात याचाही उलगडा २०२३ मध्ये झाला: जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक गर्भाकडून आईच्या रक्तात येतं, आणि ज्या बाईच्या शरीराला त्याची आधीपासून सवय नसते तिला ते जास्त छळतं. म्हणून ज्या बाईला उलट्या होत नाहीत तिचा गर्भ कच्चा, असं मात्र मुळीच नाही. जिजी ते तसंही म्हणायची, आणि त्या बायका उगाच झुरायच्या.

त्याच वर्षी, गणपती उठले आणि सुरतेत प्लेग आला. लाखो माणसं शहर सोडून निघाली. भुसावळकडच्या गाड्यांच्या टपावरसुद्धा माणसं. दुकानातली टेट्रासायक्लिन संपली. ज्याच्या हाती लागली त्यानं खाल्ली. माझ्या नवऱ्यानंही कुठून तरी पाकीट आणलं. जिजीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. पोटुशीनं गोळी खायची नाही, एवढंच तिला ठाऊक. टेट्रासायक्लिन पोटातल्या बाळाच्या दातांत आणि हाडांत जाऊन बसते, दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात, हे मला पुढे कळलं. माझ्या लेकीचे दात मोत्यासारखे आहेत. पण याच नियमानं गल्लीतल्या कित्येकींनी सरकारी लोहाच्या गोळ्या मोरीत टाकल्या, कारण त्यांनी बाळ काळं होतं म्हणे. आणि मग त्याच पांढऱ्याफटक पोरी पाटीच्या पेन्सिली आणि चुलीची माती खायच्या, तेव्हा आम्ही कौतुकानं म्हणायचो, डोहाळे लागलेत. ते डोहाळे नव्हते. अंगात रक्त नव्हतं. बाईच्या डोहाळ्यांतून गर्भाचं दुसरं हृदय बोलतं असं सुश्रुतसंहिता मानते, म्हणून तिला दौहृदिनी म्हणतात. केवढी सुंदर कल्पना! आणि तिच्या आडोशाला किती बायकांचा पंडुरोग लपून राहिला.

माझं पोट टोकदार होतं. सगळ्यांनी सांगितलं, आंडोर व्हई. डोहाळजेवणात झाकल्या वाटीखाली पेढाच निघाला. झाली मुलगी. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि मग तिच्यावाचून त्यांना घास गिळेना. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शंभरावर गर्भवतींचे अंदाज तपासले गेले, १९९९ मध्ये. पोटाच्या आकारावरून काहीही कळत नाही, असंच निघालं. उलट्यांचं मात्र थोडं वेगळं आहे. स्वीडनमध्ये उलट्यांनी पहिल्या तिमाहीतच दवाखान्यात ठेवाव्या लागलेल्या बायकांना सुमारे ५६ टक्के मुली झाल्या. म्हणजे तिथंही शंभरात चव्वेचाळीसदा फसगत.

आणि ही फसगत मला आज मोलाची वाटते. आमच्या गल्लीत त्या वर्षांत जन्मलेल्या कितीतरी मुली ‘मुलगाच आहे’ म्हणत जपल्या गेल्या. तूप, खारका, विश्रांती, सगळं त्या टोकदार पोटाला मिळालं. मग सोनोग्राफी आली आणि अंदाज चुकेनासे झाले. महाराष्ट्रात गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा १९८८ मध्येच झाला होता, देशाचा १९९६ च्या १ जानेवारीपासून लागू झाला. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली महाराष्ट्रात १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. गुजरातेत पहिल्या दहा वर्षांतच ९२८ वरून ८८३. अडाणी म्हणून जिजीला हसणारे, शिकलेले, पैसेवाले लोक होते ते. त्यांना मी आजही माफ केलेलं नाही.

पण जिजीलाही एक गोष्ट माफ नव्हती, तिची तिलाच.

२४ ऑक्टोबर १९९५, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस, सकाळी सूर्यग्रहण. शेजारच्या खोलीतली पोर आठव्या महिन्यात होती. रात्रीपासून उपाशी, पाण्याचा घोटही नाही, सरळ निजवून ठेवलेली; हललीस तर बाळाचा ओठ फाटेल. तिचे पाय, हात, तोंड सगळं दहा दिवसांपासून सुजलं होतं. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं चमकतंय, असं ती सांगत होती. सूज पाहून जिजी म्हणाली होती, आंडोरच. ग्रहण सुटलं, आणि तिला झटके आले. बाहेरचं लागलं म्हणून कुणी लिंबू उतरवलं. त्यात तास गेला. रिक्षातून नेलं तेव्हा उशीर झाला होता. बाळ जगलं, ती नाही. मुलगीच होती.

जिजी महिनाभर कुणाच्या घरी गेली नाही. गेली तेव्हा तिनं पोटाकडे पाहिलं नाही. पोटुशीच्या नडगीवर अंगठा दाबायची, उचलायची आणि खळगा किती वेळ राहतो ते बघायची. मग तोंड निरखायची, डोकं दुखतं का विचारायची. जरा शंका आली की स्वतः रिक्षात बसून दाब मोजायला न्यायची.

नंतरची वर्षं भरभर गेली. २००७ मध्ये १०८ ची गाडी आली. २२ जुलै २००९ ला सुरत खग्रास ग्रहणाच्या पट्ट्यात होतं. त्या पहाटे जिजीनं गल्लीतल्या दोन गर्भारणींना हातानं चहा पाजला.

दहाव्याला मी त्या पोरीचा फोन बाजूला ठेवला. पाय पुढं घे म्हटलं. अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला.

“डोकं दुखतं का गं?”

“कालपासून, मावशी.”

बोटातली अंगठी आठ दिवसांपासून निघत नाही, हे तिनं आपणहून सांगितलं. मी माझी चप्पल शोधली आणि तिच्या नवऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलं.