गाडी तीच, कुलूप कंपनीचं

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला हिंगोलीच्या शोरूमला जाणार असाल, तर एक गोष्ट आधी विचारा. गाडीचा वेग मोटरच्या ताकदीवर ठरतो, की सॉफ्टवेअरच्या परवानगीवर?

आपल्या महाराष्ट्रातल्याच, आकुर्डीच्या कारखान्यातल्या बजाज चेतकचं उदाहरण घ्या. 2024 ची चेतक अर्बेन साध्या रूपात ताशी 63 किलोमीटरच्या पुढे जात नसे. जादा पैसे भरून ‘टेकपॅक’ घेतला की तीच गाडी 73 पर्यंत जायची. स्पोर्ट मोड आणि चढावर गाडी मागे न सरकण्याची सोयही त्यातच. बॅटरी दोन्हीत 2.9 किलोवॅट-तासांचीच. मिस्त्रीला पाना लावावा लागत नाही, फक्त सॉफ्टवेअरचं कुलूप उघडतं.

कंपन्या असं का करतात? दोन वेगळ्या गाड्या बनवायच्या म्हणजे सुटे भाग वेगळे, साठा वेगळा, खर्च दुप्पट. त्यापेक्षा एकच गाडी बनवून काहींना रोखून धरणं स्वस्त पडतं. लहान खिशाचं गिऱ्हाईकही मिळतं आणि मोठ्या खिशातून जास्त निघतं. शिवाय स्वस्त माल फारच चांगला निघाला तर महाग माल घेणार कोण?

हा धंदा जुना आहे. 1990 मध्ये आयबीएमने मिनिटाला 10 पानं छापणाऱ्या प्रिंटरची स्वस्त आवृत्ती काढली. ती 5 पानं छापायची, कारण आत मुद्दाम थांबे घातले होते. म्हणजे हळू चालवण्यासाठी वेगळी मेहनत! पुढच्याच वर्षी इंटेलची 486 एसएक्स चिप आली. तिच्यात किचकट आकडेमोडीचा भाग होता, पण बंद करून ठेवलेला.

आधी सांगून विकलं तर त्याला किंमत ठरवायची रीत म्हणता येईल, मला पटत नसली तरी. पण लपवणं म्हणजे सरळ धोकेबाजी. अ‍ॅपलने बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग गुपचूप कमी केला आणि डिसेंबर 2017 मध्ये ते कबूल केलं. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं कारण दिलं. ग्राहकांना न सांगितल्याबद्दल फ्रान्सने 2020 मध्ये अडीच कोटी युरोचा दंड लावला.

बिनालायसन्सच्या स्कूटरची ताशी 25 किलोमीटरची मर्यादा मात्र सरकारी नियमाची आहे. ते कुलूप कुणाकडून तोडून घेऊ नका.

बाकी, हप्त्यावर गाडी घेताना पॅकमध्ये काय काय येतं, किती दिवस चालतं आणि गाडी विकली तर नव्या मालकाला मिळतं का, हे बिलावर लिहून घ्या. सांगितलं एक आणि निघालं दुसरं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.