डिशचे दोन आकडे



2022 पर्यंत दूरदर्शनची जमिनीवरील जुनी प्रक्षेपणे बहुतेक ठिकाणी बंद झाली. तेव्हापासून ज्याला दूरदर्शन फुकट पाहावयाचे आहे, त्याला छपरावरच्या डिशचाच आधार. परंतु पहिला जोराचा पाऊस आला की चित्र फुटते, आणि दुरुस्तीवाला सांगतो, "सिग्नल नव्वद टक्के आहे, डबाच बदला." डबा बदलला जातो, पैसे जातात, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. हे टाळावयाचे तर डब्याच्या मेनूत दिसणारे दोन आकडे वाचता आले पाहिजेत. एक स्ट्रेंग्थचा, दुसरा क्वालिटीचा. आपण त्यांना जोर आणि स्पष्टता म्हणू.

येरमाळ्याच्या यात्रेत आपणांस कोणी हाक मारली असे समजा. कानावर पडणारा एकूण आवाज म्हणजे जोर. त्या गलक्यातून हाक किती वेगळी कळते, ती स्पष्टता. जोराचा आकडा हाकेबरोबर गलकाही मोजतो, हीच त्याची खोड. म्हणूनच डिश भलत्याच उपग्रहाकडे वळलेली असली तरी जोर भरपूर आणि स्पष्टता शून्य, असे घडते.

गलका येतो कोठून? प्रत्येक उबदार वस्तूतून सूक्ष्म लहरी निघतात. जमीन, भिंत, झाड, सर्वांतून. निरभ्र आकाश मात्र थंड, म्हणून शांत. पाऊस दोन्हीकडून मारतो : सुमारे 36,000 किलोमीटरांवरून आलेली क्षीण हाक शोषतो आणि स्वतःचा गलका वर मिसळतो. जोराचा काटा त्या मानाने कमी हलतो. स्पष्टता मात्र कोसळते.

हाक व गलका यांचे गुणोत्तर डेसिबेलात मोजतात. तीन डेसिबेल वाढले की गुणोत्तर दुप्पट. चित्राला किमान सात लागतात असे धरा. आठ असोत वा बारा, चित्र एकसारखेच सुंदर दिसते, कारण चुकलेले आकडे डबा आतल्या आत दुरुस्त करतो. सातच्या खाली ती दुरुस्ती हरते आणि चित्र एकदम विस्कटते. सारांश, चित्र पाहून डिश जुळवणारा फसतो. आठवाल्या घरी पहिल्याच सरीला पडदा काळा, बारावाल्या घरी बहुधा नाही. डब्यावरील टक्के मात्र प्रत्येक कंपनीचे निराळे, तेव्हा शेजाऱ्याच्या साठाशी आपले साठ ताडू नयेत.

आता वाशीपुरते. फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्वेस आहे. वाशीहून पाहता तो जवळजवळ नेमका आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे 60 अंश उंच येतो. डिश त्यामानाने बरीच उभी दिसते. घाबरू नये, एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असल्यामुळे तसे वाटते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. त्या वेळी डिशवर लिंबाची सावली पडली, तर झाड वाटेत आहे हे निश्चित. शिवाय त्या काही मिनिटांत सूर्याच्या गलक्याने जोर वाढतो आणि स्पष्टता घटते! दोन आकड्यांतला भेद याहून उघड कोठेही दिसावयाचा नाही.

जुळवणी निरभ्र दिवशी करावी. एकाने वर डिश केसभर हलवावी, दुसऱ्याने खाली स्पष्टतेचा आकडा ओरडून सांगावा. प्रत्येक हालचालीनंतर चार-पाच सेकंद थांबावे, आकडा मागाहून येतो. सर्वांत मोठा आकडा सापडला की एलएनबी किंचित फिरवून पुन्हा पाहावे, मगच नट आवळावेत, आणि आवळल्यावर आकडा एकदा परत वाचावा. तो आकडा तारखेसह डब्याच्या पाठीवर लिहून ठेवावा. पुढच्या वेळी कोणी डबा बदला म्हणाला, तर आधी तो दाखवावा.