निरोप पोहोचला नाही तर...

मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जातो आणि थोड्याच वेळात त्याची साखर रक्तात उतरते. जठरामागच्या स्वादुपिंडातील बीटा पेशींना ते कळते आणि त्या इन्शुलिन सोडतात. इन्शुलिन हा मुळात एक निरोप आहे: साखर आली, दार उघडा. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी तो ऐकतात आणि साखर आत घेतात.

रोजात दिवसभर उलटा निरोप चालतो. इन्शुलिन कमी होते, ग्लुकॅगॉन वाढते आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. एकादशीच्या उपवासातही शरीर हेच करते.

मधुमेह म्हणजे या निरोपांतला बिघाड. पहिल्या प्रकारात शरीराची संरक्षण यंत्रणाच बीटा पेशी नष्ट करते, निरोप पाठवणाराच उरत नाही. अशा रुग्णांना १९२२ पासून इन्शुलिनच्या इंजेक्शनने जीवदान मिळाले. दुसऱ्या प्रकारात निरोप निघतो, पण पेशी नीट ऐकत नाहीत. बीटा पेशी जास्त इन्शुलिन सोडत राहतात आणि काही वर्षांनी थकतात. रक्तात साखर साचते, पेशी मात्र उपाशी. डोळे, मूत्रपिंडे, नसा हळूहळू खराब होतात.

रमजानमध्ये खरी कसोटी इथेच. इंजेक्शनमधले इन्शुलिन पोट रिकामे आहे की भरलेले, हे पाहत नाही. काही गोळ्यांचेही तसेच. साखर घसरली की घाम सुटतो, हात थरथरतात, शुद्धही हरपते. तरीही 'लोक काय म्हणतील' म्हणून घरातले बुजुर्ग त्रास लपवतात. काही जण तर मनानेच औषध बंद करतात. साखर ७० मिलिग्रॅमखाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा, असे डॉक्टर सांगतात. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमाही सांगतात. औषधाच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायच्या.

सूरह बकराने आजाऱ्याला सवलत दिली आहे. बरे वाटल्यावर रोजे भरून काढावेत. ते कायमचेच झेपत नसतील, तर फिद्या म्हणून गरिबाला जेवू घालावे. ही सवलत घेणे म्हणजे ईमान कमी पडणे नव्हे. घरातल्या अम्मी-अब्बांपर्यंत हा निरोप पोहोचवण्याचे काम मात्र मुला-सुनांचे आहे.