चार वारसा किल्ले, चार फेरीबोटी: कोकण किनाऱ्यावरचा सायकलचा रस्ता पुलांनंतर कसा राहील?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'भारताची मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत आणि एक, जिंजी, तमिळनाडूत. या ११ पैकी चार किल्ले थेट समुद्राशी जोडलेले आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग.

या चौघांना सांधणारा एक रस्ता आहे. अलिबागजवळच्या रेवसपासून गोव्याच्या सीमेवरच्या रेडीपर्यंत जाणारा, साधारण ५०० किलोमीटरचा किनारी रस्ता. हिवाळा सुरू झाला की पाठीमागे बॅगा बांधलेले सायकलवाले या रस्त्याला दिसू लागतात. कुणी आठ दिवसांत गोवा गाठतं, कुणी दहा.

पण हा रस्ता आता मोठा होतोय आणि त्याच्या खाड्यांवर पूल येतायत. ही चांगली बातमी आहे की वाईट? त्यासाठी आधी हा रस्ता समजून घ्यावा लागेल.

सायकलवाले हाच रस्ता का निवडतात?

मुंबईहून गोव्याला जायला सरळ रस्ता आहे तो मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६. पनवेल, महाड, चिपळूण, कणकवली असा तो किनाऱ्यापासून बराच आतून जातो. ट्रक, खासगी बस, गणपतीतली गर्दी, सगळं त्याच्यावर. सायकलसाठी तो रस्ता म्हणजे धूळ आणि हॉर्न.

किनाऱ्याचा रस्ता याच्या अगदी उलट. अरुंद, वळणांचा, गावागावातून जाणारा. इथे अवजड वाहतूक कमी असण्याचं मोठं कारण म्हणजे खाड्या. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना किनारा जागोजागी कापतात आणि रस्ता पाण्यापाशी येऊन थांबतो. लांब पल्ल्याच्या ट्रकला हे परवडत नाही. सायकलवाल्याला परवडतं, कारण त्याला फक्त फेरीबोटीत चढायचं असतं.

अशा चार मोठ्या फेऱ्या या मार्गावर लागतात. राजपुरी खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेशवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्री नदीवर तवसाळ ते जयगड. स्थानिक भाषेत यांना 'जंगलजेट्टी' म्हणतात. एसटीच्या रांगेत उभं राहावं तशा यात रिक्षा, टेम्पो, दुचाकी, माणसं आणि सायकली एकत्र उभ्या असतात. मुंबईकरांची तर सुरुवातही पाण्यावरूनच होते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे.

किल्ले नेमके खाडीच्या तोंडाशीच का?

नकाशावर फेरीबोटींचे धक्के आणि किल्ले शेजारी शेजारी ठेवून बघा. दिघीसमोर राजपुरीच्या खाडीत जंजिरा. वेशवीजवळ बाणकोटचा किल्ला. दाभोळसमोर अंजनवेलचा गोपाळगड. तवसाळसमोर जयगड. पुढे मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड, वाघोटण खाडीवर विजयदुर्ग आणि शेवटी तेरेखोल.

हा योगायोग नाही. रेल्वे आणि डांबरी रस्ते येण्याआधी माल खाडीतूनच आत-बाहेर जायचा. घाटमाथ्यावरून बैलांच्या पाठीवर आलेला माल खाडीकाठच्या बंदरात जहाजावर चढायचा. दाभोळ आणि चौल ही मध्ययुगात दूरवर माहीत असलेली बंदरं होती. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौललाच उतरला होता. खाडीचं तोंड ज्याच्या ताब्यात, जकात त्याची. म्हणून किल्ला तिथे.

म्हणजे ज्या खाडीने किल्ल्याला जन्म दिला, तिनेच पुढे हा रस्ता ट्रकपासून राखला. सायकलवाला फेरीची वाट बघत धक्क्यावर उभा असतो, तेव्हा तो त्या जुन्या जकात नाक्यावरच उभा असतो.

वाटेत काय काय बदलत जातं?

पहिला टप्पा अलिबाग ते श्रीवर्धन. थळसमोर समुद्रात खांदेरी दिसतो. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांशी तिथे आरमारी लढाई झाली. अलिबागमध्ये कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. पुढे नारळी-पोफळीच्या वाड्यांतून रस्ता रेवदंड्याला पोहोचतो, पूल ओलांडला की कोर्लई. पोर्तुगीजांची सत्ता इथून १७४० मध्येच गेली, पण कोर्लई गावातले काही लोक आजही पोर्तुगीज आणि मराठी मिळून तयार झालेली बोली घरात बोलतात. मुरूडजवळ सिद्दींचा जंजिरा आणि त्याला शह द्यायला बांधलेला पद्मदुर्ग एकाच नजरेत येतात. खाडी ओलांडली की दिवेआगर, मग शेखाडीचा समुद्राला खेटून जाणारा रस्ता आणि पुढे श्रीवर्धन, म्हणजे पहिले भट पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव.

दुसरा टप्पा दापोली-गुहागरचा. सावित्री ओलांडली की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. वेळासला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हर्णैला किनाऱ्यावर माशांचा लिलाव चालतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो.

तिसरा टप्पा रत्नागिरी-राजापूरचा. मालगुंडला केशवसुतांचं जन्मस्थान, रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचं. त्याच रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याचा राजवाडा आहे. इंग्रजांनी त्याला १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि तो १९१६ मध्ये इथेच वारला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता जांभ्या दगडाचे उघडे सडे लागतात. याच सड्यांवर प्रागैतिहासिक कातळशिल्पं कोरलेली आहेत. कशेळीजवळ तर हत्तीची भलीमोठी आकृती आहे. ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

चौथा टप्पा सिंधुदुर्गाचा. विजयदुर्ग हे आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं. १७५६ मध्ये इंग्रजांनी इथे हल्ला केला, त्यात तुळाजी आंग्रे यांची जहाजं जळाली. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. देवगडच्या हापूसच्या बागा मागे टाकत मालवणला पोहोचलं की सिंधुदुर्ग. १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं. चहूबाजूंनी खारं पाणी असूनही किल्ल्यातल्या विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत. पुढे वेंगुर्ला, काजूच्या बागा, डचांच्या जुन्या वखारीचे अवशेष आणि मग रेडी.

किनारा म्हणजे सपाट रस्ता ना?

अजिबात नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच असतो. रस्ता खाडीला पाण्याच्या पातळीवर उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. एका दिवसात असं चार-पाच वेळा होतं. चढ छोटे असतात, पण तीव्र. त्यामुळे घाटातल्यासारखे हलके गिअर लागतात आणि दिवसाला ५० ते ७० किलोमीटर पुरे होतात.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. पावसाळ्यात जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात.
- उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं. दुपारनंतर वायव्येकडून येणारा समुद्रवारा पाठीवर राहतो.
- फेरीबोटी रात्रभर चालत नाहीत. शेवटची फेरी किती वाजता आहे, हे त्याच दिवशी विचारून घ्यावं. ती चुकली तर पलीकडचा किनारा दिसत असूनही मुक्काम अलीकडेच.
- सड्यावर सावली नसते आणि दुकानंही दूर दूर असतात. पाणी गावातच भरून घ्यावं.
- परतीसाठी कोकण रेल्वे आहे. कुडाळ किंवा सावंतवाडीहून सायकल सामान म्हणून रेल्वेत देता येते.

मग पुलांचा प्रश्न काय आहे?

रेवस-रेडी सागरी महामार्गाची कल्पना नवी नाही. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पुढे आली. मग ती तुकड्यातुकड्यांनी होत राहिली. आता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हा मार्ग सलग आणि रुंद करायचं ठरवलं आहे. रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर मोठे पूल या योजनेत आहेत. काहींची कामं सुरूही झाली आहेत.

इथे राहणाऱ्या माणसासाठी पूल ही चैन नाही. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल आणि फेरी बंद असेल, तर कित्येक किलोमीटरचा वळसा पडतो. मुलांचं कॉलेज, आंब्याची पेटी, मासळीचा टेम्पो, सगळं फेरीच्या वेळापत्रकावर अडतं. चार दिवस फिरायला येणाऱ्याला फेरीबोट छान वाटते म्हणून पूल नकोत, असं म्हणणं गावकऱ्यांवर अन्याय आहे.

आणि पूल आला म्हणजे सायकल संपली, असंही नाही. जयगडच्या दक्षिणेला बहुतेक खाड्यांवर आधीच पूल आहेत आणि तिथेही सायकलवाले मजेत जातात. कारण तिथला रस्ता अजून गावातला आहे, वेगाचा नाही.

खरा धोका दोन गोष्टींत आहे. पहिली, रुंद रस्त्यावर सायकलसाठी कडेला जागाच न ठेवणं. गाड्यांचा वेग वाढला आणि कडेची पट्टी नसली, तर सायकलच काय, शाळेत पायी जाणारी पोरंही अडचणीत येतात. दुसरी, पुलांवरचे नियम. मुंबईत वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आणि अटल सेतूवर सायकलला आणि दुचाकीला प्रवेश नाही. उद्या खाडीवरच्या एखाद्या पुलावर असाच नियम लागला आणि प्रवासी नाहीत म्हणून फेरीबोटही बंद पडली, तर सायकलवाल्यासाठी ती खाडी आजच्यापेक्षा जास्त रुंद होईल. कोळीवाड्यातून सायकलवर मासळी विकायला जाणाऱ्या माणसासाठीही.

यावर उपाय महाग आहे का?

फारसा नाही. युरोपात 'युरोव्हेलो' नावाचं लांब पल्ल्याच्या सायकल मार्गांचं जाळं आहे. त्यातला सहाव्या क्रमांकाचा मार्ग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरून निघून डॅन्यूब नदीच्या काठाने काळ्या समुद्रापर्यंत जातो. त्याचा मोठा भाग नव्याने बांधलेला नाही. नदीकाठच्या जुन्या वाटा आणि कमी रहदारीचे गावरस्ते जोडून त्यांना एक क्रमांक दिला आणि पाट्या लावल्या.

कोकणात हे करणं शक्य आहे, कारण नवा महामार्ग जिथे गावाला वळसा घालून जाईल, तिथे गावातला जुना रस्ता राहणारच आहे. त्या रस्त्याला सायकल मार्ग म्हणून पाट्या लावता येतील. पुलांवर पादचारी आणि सायकलसाठी कठड्याआतली एक पट्टी ठेवता येईल. आणि एखाददुसरी फेरी पर्यटनासाठी तरी चालू ठेवता येईल.

फक्त हे ठरवायची वेळ आत्ताची आहे. पुलाच्या आराखड्यात सायकलची पट्टी घालायला एक रेघ ओढावी लागते. पूल उभा राहिल्यावर तीच पट्टी जोडणं जवळपास अशक्य असतं.