भांडवल आणि गिऱ्हाईक

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदच्या कापूसपट्ट्यात एखादा तरुण शेती-अवजारांचा नवा कारखाना काढतो, तेव्हा भांडवल पुरविणारा धनिक आपल्या ओळखीपाळखीने गिऱ्हाईकही मिळवून देईल, अशी त्याची अपेक्षा असते. परंतु या दोन गोष्टी मूलतः भिन्न आहेत. भांडवलदार रकमेची तजवीज करतो, हिशेब तपासतो, फार तर चार पेढ्यांकडे शिफारस करतो. मालाच्या उपयुक्ततेचा निवाडा मात्र तो वापरणाराच करतो.

लोखंडी नांगर बनविणारे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा व आर्थिक साहाय्य दिले आणि १९१० साली त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली. तथापि लोखंडी नांगराने जमीन नासते, हा शेतकऱ्यांचा समज कोणत्याही राजाश्रयाने दूर होणारा नव्हता, तो नांगराच्या प्रत्यक्ष कामगिरीनेच ओसरला. आणि पुढे १९२० साली सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या नियतकालिकाने कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत नेली.

शिफारशीने आलेल्या मागणीत आणखी एक धोका संभवतो: धनिकाच्या मुलाहिजाखातर घेतलेला माल बहुधा पुन्हा मागविला जात नाही, आणि उद्योजक मात्र त्या पहिल्या खरेदीलाच बाजाराचा कौल मानून उत्पादन वाढवितो व गोदाम भरून बसतो. यास्तव भांडवलदाराकडून परिचयपत्र अवश्य घ्यावे. पण भाव, तक्रारी आणि फेरमागणी यांचा अनुभव उद्योजकाने जातीने बाजारात उभे राहूनच घ्यावा.