शिरेतली गाठ: तपकिरी रंगावर किती विश्वास ठेवायचा?

समजा, पोटातल्या सर्वांत मोठ्या शिरेत, म्हणजे इन्फिरिअर व्हेना केव्हामध्ये, गाठ सापडली आहे. बायोप्सीचा बारीकसा तुकडा तुमच्यासमोर आलाय. नेहमीच्या गुलाबी-निळ्या एच अँड ई स्लाइडवर लांबट पेशींचे जुडगे दिसतायत, स्मूथ मसलसारखे. पण लांबट पेशींच्या गाठी कितीतरी प्रकारच्या असतात, आणि शिरेचा भाग कापून काढायचा की नाही हे सर्जनला ठरवायचंय.

इथे अँटिबॉडी स्टेनिंग कामी येतं. तत्त्व सोपं आहे. पहिली अँटिबॉडी ठरावीक प्रथिनाला चिकटते, तिला शोधत एन्झाइम जोडलेली दुसरी येते, मग डीएबी घातलं की त्या जागी तपकिरी रंग उमटतो. (1941 मध्ये अल्बर्ट कून्स यांनी हीच कल्पना चमकणारा रंग वापरून मांडली होती. एन्झाइमची युक्ती नंतरची.)

स्मूथ मसलसाठी तीन नावं लक्षात ठेवा: एसएमए, डेस्मिन, एच-काल्डेस्मॉन. नवखा माणूस एसएमए पॉझिटिव्ह आलं की खूश होतो. थांबा! एसएमए मायोफायब्रोब्लास्टमध्येही असतं, म्हणजे जखम भरून काढणाऱ्या पेशीही तपकिरी होतात. डेस्मिन हातापायांच्या स्नायूंतही असतं, शिवाय रक्तवाहिनीतून निघालेल्या लायोमायोसार्कोमात ते कधीकधी फिकट किंवा गायबच असतं. एच-काल्डेस्मॉन जास्त नेमकं, पण जिस्ट नावाच्या गाठीतही ते बरेचदा येतं. म्हणून सोबत सीडी117 आणि डॉग1 लावायचे. जिस्टला इमॅटिनिब लागू पडतं, लायोमायोसार्कोमाला नाही. गफलत झाली तर पेशंटचे महिने वाया जातात. पोटामागच्या जागेत एमडीएम2 पण बघतात, कारण डीडिफरन्शिएटेड लायपोसार्कोमा स्नायूचं सोंग छान घेतो.

आता खरी गंमत. गर्भाशयाच्या फायब्रॉइडसारखी एक गाठ शिरांमधून वाढत थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचू शकते: इंट्राव्हीनस लायोमायोमॅटोसिस. पेशींच्या दृष्टीने ती सौम्य असते. एसएमए, डेस्मिन दोन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे कॅन्सरसारखंच! ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह आले तर गर्भाशयाकडे बोट जातं, पण स्त्रियांमधल्या काही लायोमायोसार्कोमातही ते येतात. स्टेनिंग पेशी कुठल्या जातीची ते सांगतं, ती वाईट आहे का ते सांगत नाही. त्यासाठी परत एच अँड ई वरच यायचं: केंद्रकं वेडीवाकडी आहेत का, विभाजनं किती, मेलेला भाग आहे का.

आणि निगेटिव्ह रिझल्ट लिहिण्याआधी त्याच स्लाइडवरच्या छोट्या धमनीची भिंत बघा. तिथला स्नायू एसएमएने तपकिरी व्हायलाच हवा. तोही पांढराफटक असेल तर दोष गाठीचा नाही. फॉर्मॅलिनमधला वेळ आणि अँटिजेन रिट्रीव्हलचं तापमान तपासा, स्टेन पुन्हा लावा.