तुंबाड नावाची दोन गावे : दीर्घ कादंबरी आणि पडदा

'तुंबाड' हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा तो बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गर्दी त्याने खेचली. त्यानंतर आमच्या सातपूरच्या वाचनकट्ट्यावर एक प्रश्न वरचेवर येऊ लागला : "तुंबाडचं पुस्तक आहे म्हणे, मिळेल का?" विचारणारे बहुतेक औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे तरुण. त्यांच्या हाती श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड ठेवला की दोन गोष्टी घडतात. पुष्कळ जण पन्नास-साठ पानांत खजिना निघत नाही म्हणून पुस्तक परत आणतात. थोडे जण महिन्या-दीड महिन्याने दुसरा खंड मागायला येतात. या दोन वाचकांमध्ये नेमके काय वेगळे घडते, याचा शोध घ्यावासा वाटला. कारण मराठीतील दीर्घ कादंबरीचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.

नाव एक, गोष्टी दोन

आधी घोटाळा दूर करू. राही अनिल बर्वे यांच्या चित्रपटाने पेंडशांकडून गावाचे नाव घेतले, कथा घेतली नाही. भयकथेचे बीज नारायण धारपांच्या कथेकडून आलेले आहे. चित्रपट १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत जातो आणि पावणेदोन तासांत संपतो. हस्तर नावाचा कल्पित देव, त्याच्या कमरेची सोन्याची नाणी आणि ती मिळवण्याचा बापाकडून मुलाकडे जाणारा लोभ, एवढाच त्याचा ऐवज आहे आणि तो नेटका आहे.

'तुंबाडचे खोत' १९८७ साली दोन खंडांत आली. पाने सुमारे १४००. जगबुडी नदीच्या काठचे कोकणातील गाव आणि तिथल्या खोत घराण्याच्या चार पिढ्या, असा तिचा विस्तार. आजच्या नाशिककर तरुणाला 'खोत' हे फक्त आडनाव वाटते. खोत म्हणजे सरकारच्या वतीने गावाचा सारा वसूल करणारा वतनदार. कुळांच्या पिकावर आणि अनेकदा त्यांच्या जगण्यावरही त्याची सत्ता चाले. या पद्धतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. हे ठाऊक असले की कादंबरीतल्या वाड्याला वेगळाच अर्थ येतो. चित्रपटातला वाडा गुपित लपवतो, तर कादंबरीतला वाडा अधिकार गाजवतो आणि तो अधिकार हळूहळू, पिढ्यांच्या गतीने, हातातून निसटतो.

विषयाचे धागे मात्र जुळतात. वारशाने माणसाला काय मिळते आणि त्याची किंमत कोण मोजते, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. म्हणूनच चित्रपट आवडलेल्या वाचकाला कादंबरी आवडू शकते. फक्त तिथे खजिना शोधायला जाऊ नये, एवढे आधी सांगावे लागते.

दोन कादंबऱ्यांचा एक चित्रपट

पडद्याने दीर्घ लेखनाचे काय करावे लागते, हे 'सिंहासन'मध्ये (१९७९) स्वच्छ दिसते. डॉ. जब्बार पटेल यांच्या या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची. आधार अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांचा, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. दोन पुस्तकांतून एक चित्रपट काढायचा तर कणा एकच ठेवावा लागतो. तेंडुलकरांनी सत्तास्पर्धेचा कणा धरला. मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक), त्यांची खुर्ची हलवू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव (डॉ. श्रीराम लागू) आणि हे सारे जवळून पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले). नेत्यांच्या बंद दारांपर्यंत आपण दिगूच्या डोळ्यांनी जातो आणि शेवटी त्याचे भान सुटते तेव्हा आपणही हादरतो.

या निवडीमुळे चित्रपट टोकदार झाला. महाराष्ट्रात सरकार डळमळले की आजही लोकांच्या तोंडी 'सिंहासन' येते. पण 'मुंबई दिनांक'चा खरा नायक शहर आहे. सत्तेच्या दालनापासून रस्त्यावरच्या माणसापर्यंत असंख्य आयुष्ये एकाच वेळी शेजारी-शेजारी चाललेली असतात आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. चित्रपटात हे शहर पार्श्वभूमीला जाते. त्यात तेंडुलकरांचा दोष नाही. पडद्यावर दुसरा नायक आला असता तर पहिला फिका पडला असता. चित्रपट पाहून कादंबरीकडे जाणाऱ्याला मात्र हे गळालेले शहर शोधता येते आणि त्या शोधात वाचनाची गोडी आहे.

लांबी कशासाठी असते?

कट्ट्यावर ठरलेली तक्रार ऐकू येते : "एवढी पाने कशाला? निम्म्यात झाले असते." चौदाशे पाने दिवसाला वीस या हिशेबाने वाचली तर सत्तर दिवस लागतात. या सत्तर दिवसांत वाचकाच्या घरी सण येतात, पाळ्या बदलतात, आजारपणे होतात. पहिल्या खंडातली काही माणसे तो विसरतो. मग नातू आजोबांसारखाच हट्ट धरतो आणि वाचकाला आजोबा आठवतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जसे आठवते, तसेच. ही आठवण लेखकाने सांगून होत नाही, ती वाचकाच्या अंगी मुरावी लागते आणि मुरायला वेळ लागतो. पडद्यावर पंधरा वर्षे उलटली हे सांगायला सालाची एक पाटी आणि थोडी रंगभूषा पुरते. काळ गेल्याचे आपल्याला कळते, पण तो काळ आपल्या अंगावरून जात नाही. दुसरा खंड मागायला येणाऱ्या वाचकांशी बोलताना जाणवते की त्यांची कथानकाबद्दलची घाई संपलेली असते. ते माणसांची चौकशी करू लागतात.

जगातील काही दिग्दर्शकांनी हा वेळ पडद्यावर आणण्याचा प्रयत्न केला. सर्गेई बोंदारचुक यांनी टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'चे १९६६-६७मध्ये चार भाग केले, सुमारे सात तासांचे. लास्लो क्रास्नाहोर्काई यांच्या 'सॅटनटँगो' या अवघड कादंबरीवर बेला टार यांनी १९९४ साली सात तासांहून लांब चित्रपट केला. या लेखकाला २०२५चे नोबेल मिळाले. गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांनी 'एकाकीपणाची शंभर वर्षे' हयातभर पडद्यापासून दूर ठेवली. तिची मालिका त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २०२४मध्ये आली.

आपली हप्त्यांची सवय

मराठी समाजाला लांबीचे भय पूर्वी नव्हते, कारण लांब ग्रंथ हप्त्यांनी ऐकायची रीत होती. चातुर्मासात पोथी रोज थोडी वाचली जाई. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९०पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आली, म्हणजे तिचे पहिले वाचक आठवड्याआठवड्याने यमूच्या सोबत राहिले. दूरदर्शनवर रणजित देसाईंची 'स्वामी' मालिका होऊन आली तेव्हा ही सवय पुन्हा जागी झाली. रवींद्र मंकणींचा माधवराव आणि मृणाल देव यांची रमाबाई पाहणारी घरे पुढच्या भागापर्यंत त्या दोघांविषयी बोलत.

याच नाशिकमध्ये दादासाहेब फाळके यांनी पौराणिक चित्रपट काढले. १९१७च्या 'लंकादहन'ला येणारा प्रेक्षक रामायण कीर्तनात ऐकून आलेला होता. फाळक्यांना एक प्रसंग दाखवला तरी पुरे होई, उरलेला ग्रंथ प्रेक्षक मनात घेऊनच बसे. आज क्रम उलटला आहे. प्रेक्षक प्रसंग पाहून येतो आणि ग्रंथ त्याला नंतर भेटतो. संजय लीला भन्साळींच्या 'बाजीराव मस्तानी'नंतर (२०१५) ना. सं. इनामदारांची 'राऊ' ज्यांनी उघडली, ते याच वाटेने आले. ही वाट कमी प्रतीची नाही, पण तिच्यावर पाट्या लावाव्या लागतात.

पाट्या कोणत्या?

आमच्या कट्ट्यावर काही साध्या गोष्टी उपयोगी पडल्या. पुस्तक देतानाच चित्रपटाचा आणि त्याचा संबंध किती, हे दोन वाक्यांत सांगायचे. वहीच्या पहिल्या पानावर घराण्याची वंशावळ वाचकाने स्वतः काढत जायची. दर आठवड्याला दहा मिनिटे फक्त एकाच पात्राविषयी बोलायचे. आणि 'चित्रपट पुस्तकाबरहुकूम आहे का?' या प्रश्नाऐवजी 'चित्रपटाने कोणाला वगळले आणि का?' असे विचारायचे. पहिल्या प्रश्नाने भांडण होते. दुसऱ्यासाठी पुस्तक उघडावेच लागते.

यामागे एक व्यावहारिक चिंताही आहे. जागा अपुरी पडली की ग्रंथालये न फिरणाऱ्या पुस्तकांचे निर्लेखन करतात. जाड, दोन खंडांच्या कादंबऱ्या त्या यादीत लवकर जातात, आणि एक खंड गहाळ झाला तर दुसराही निरुपयोगी ठरतो. म्हणून चित्रपट पाहून कोणी विचारायला आला, की "ते वेगळे आहे" म्हणून त्याला परत पाठवू नये. पहिला खंड त्याच्या नावावर नोंदवावा आणि दुसरा जागेवर आहे ना, तेवढे त्याच दिवशी पाहून ठेवावे.